कुठल्या तारखेची किंमत?

ऐक गं, व्हॅल्युअरला फोन लावायच्या आधी एक काम कर. कागदावर एक तारीख लिही. मग त्याला विचार, "या दिवशी आमच्या सोलापूरच्या साखर पेठेतल्या घराची किंमत काय होती?" नुसतं "घराची किंमत काय?" विचारलंस तर तोही आकडा देईल, तो बरोबरही असेल, पण तुझ्या कामाचा असेलच असं नाही. दादानं तुला फोनवर 35 लाख सांगितले आणि तुझा जीव खालीवर झाला. दादा खोटं बोलला असं मला वाटत नाही. तो आकडा कुठल्या दिवसाचा, हे त्यानं सांगितलं नाही आणि तू विचारलं नाहीस.

माहेरच्या घराची वाटणी निघाली की सगळे आकड्यावर भांडतात. इतकेच कसे, शेजारच्यांना तितके कसे आले. तारखेचा विषय कुणी काढत नाही, आणि भांडणाचा निम्मा निकाल तिथंच लागून गेलेला असतो. तुझ्या बाबतीत तसं होऊ नये म्हणून एवढं सविस्तर सांगतेय.

रिपोर्ट हातात आला की शेवटच्या पानावरची रक्कम बघायची घाई करू नकोस. आधी तारखा शोध. माणूस घर बघायला आला ती एक. रिपोर्टवर सही-शिक्का झाला ती दुसरी. आणि ज्या दिवसाची किंमत त्यानं काढली ती तिसरी. पहिल्या दोन या महिन्यातल्या असल्या तरी तिसरी वीस-पंचवीस वर्षांमागची असू शकते, त्यात गैर काहीच नाही. तुझ्यासाठी ही तिसरी तारीख महत्त्वाची. ती स्पष्ट लिहिलेली नसेल तर रिपोर्ट तसाच घेऊ नकोस. "अमुक दिनांक रोजीचे बाजारमूल्य" अशी ओळ घालून माग. बहुतेक व्हॅल्युअर आनंदानं घालून देतात. पण आपण कशासाठी रिपोर्ट मागतोय हेच आपण त्यांना सांगत नाही, मग ते तरी काय करणार?

आता दादाकडचा कागद बघू. तो 2020 सालचा आहे, दुकानाच्या कर्जासाठी बँकेनं करून घेतलेला, हे तूच म्हणालीस. त्या वर्षी काय परिस्थिती होती आठव. लॉकडाऊनमध्ये नोंदणी कार्यालयंच बंद होती, खरेदीखतंच होत नव्हती, तर व्हॅल्युअरनं तुलना कशाशी करायची? आणि बँकेच्या रिपोर्टात बहुतेक वेळा तीन रकमा असतात. एक बाजारमूल्य. दुसरी त्याहून थोडी कमी, प्रत्यक्षात हाती येऊ शकेल ती. तिसरी आणखी कमी, घाईनं विकावं लागलं तर येईल ती. कर्ज बुडालं तर काय वसूल होईल हे बँकेला बघायचं असतं, म्हणून त्या दोन खालच्या रकमा लिहितात. दादानं सांगितलेले 35 लाख या तिन्हींतले कुठले, हे कागद समोर ठेवून बघ. फोनवर ऐकून काही ठरवू नकोस.

दादाचं म्हणणं असंही आहे ना, की "अप्पा 2019 ला गेले, तेव्हाच वाटे पडले, मग तेव्हाचीच किंमत धरायची"? हे ऐकायला रास्त वाटतं, म्हणून जरा थांबून विचार कर. काकांनी, म्हणजे तुमच्या अप्पांनी, घर स्वतःच्या कमाईतून बांधलं, मृत्युपत्र केलं नाही. म्हणजे ते गेले त्या दिवशी काकू आणि तुम्ही तिघं भावंडं, असे चार सारखे वाटेकरी झाले. 2022 ला काकू गेल्या, त्यांचा चौथा हिस्सा तुम्हा तिघांत आला. आज तू एक तृतीयांश मालकीण आहेस. हा हक्क तुला कुणी मेहेरबानी म्हणून दिलेला नाही. वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. फक्त राहत्या घराची वाटणी मागायला मुलीला आडकाठी होती, भावांनी वाटप काढेपर्यंत तिनं थांबायचं. ते कलम 9 सप्टेंबर 2005 पासून गेलं.

वाटणी होईपर्यंत तुझी मालकी त्या घरात जशीच्या तशी असते. 2019 नंतर पेठेतले भाव चढले, तर चढलेल्या भावातला तिसरा हिस्सा तुझा. पडले असते तर तोटाही तुझाच होता. म्हणून दादाकडून पैसे घेऊन वाटा सोडताना किंमत वाटणीच्या आसपासच्या तारखेची धरायची. 2019 ला वाटे पडले, ते खरं. पण पैसे 2019 ला दिले गेले नाहीत, ना? दादानं तेव्हा तुझा वाटा विकत घेतला असता तर तेव्हाचा भाव लागला असता. आज घेतोय तर आजचा.

पण दादाचंही ऐक, मनापासून ऐक. 2011 ला वरचा मजला त्यानं स्वतःच्या पैशातून चढवला. मागचं माळवद गळत होतं ते उतरवून त्यानं स्लॅब टाकला. मिळकत कर इतकी वर्षं तोच भरतोय. हे सगळं एकाच रकमेत मिसळून तू तिसरा हिस्सा मागितलास तर तो अन्याय होईल, आणि भाऊ-वहिनी तुझ्याशी पुढं कधी मोकळेपणानं बोलणार नाहीत. व्हॅल्युअरला सांग की जमीन, काकांचं मूळ बांधकाम आणि दादाचं बांधकाम वेगवेगळं दाखव. आजच्या तारखेला दादाच्या मजल्याची घसारा जाऊन उरलेली किंमत त्याच्या नावे टाक, मग उरलेल्याचे तीन भाग कर. मी तुझ्या जागी असते तर पहिली बोलणी या मुद्द्यापासूनच सुरू केली असती. त्यानं घर सांभाळलं, हे तू आपणहून म्हणालीस की तारखेच्या गोष्टीवर तोही मोकळेपणानं बोलेल.

तारीख म्हणजे फक्त कॅलेंडरचं पान नव्हे. त्या दिवशी बाजारात माणसाला काय माहीत होतं, तेवढंच त्या किमतीत येतं. होटगी रोडचं बघ की. मे 2023 मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांच्या वाटेत उभी होती. विमानं उडणार की नाही याची नुसती चर्चा. 15 जून 2023 ला चिमणी पाडली. 9 जून 2025 ला गोव्याचं विमान सुरू झालं, त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचं. आता कुणी तिथल्या बंगल्याची मे 2023 ची किंमत काढायला सांगितली, तर व्हॅल्युअरनं विमानं डोक्यातून काढून टाकायची. त्या महिन्यात घेणारा माणूस फार तर आशेवर दोन पैसे जास्त देत होता, तेवढेच धरायचे. आणि विमानतळ आला म्हणजे भाव वरच जातो असंही समजू नकोस. आसपासच्या बांधकामाला उंचीची मर्यादा येते, विमानतळ प्राधिकरणाची ना-हरकत लागते. चार मजले चढवायच्या हिशेबानं प्लॉट घेतलेल्याला ते जड जातं.

आणखी एक तारीख मनात पक्की ठेव, 1 एप्रिल. आपल्याकडे रेडी रेकनरचे दर त्या दिवशी बदलतात. 2023 आणि 2024 ला सरकारनं दर होते तसेच ठेवले, म्हणून लोक जरा निवांत झाले होते. मग 1 एप्रिल 2025 ला वाढ आली. मुंबईत सरासरी 3.39 टक्के, पुण्यात 4.16, आणि आपल्या सोलापूर महापालिका हद्दीत 10.17 टक्के, राज्यात सगळ्यात जास्त. मला तेव्हा फार वाईट वाटलं. आपल्या गावात पगार पुण्यासारखे नाहीत, चादरी-टॉवेलच्या कारखान्यातल्या कामगाराचा आणि विडी वळणाऱ्या बाईचा घरखर्च कसा चालतो ते तुला मला माहीत आहे, आणि वाढीत मात्र आपण पहिले. ही सरासरी आहे, तुझ्या पेठेतला दर वेगळा असेल, तो मूल्यविभागानुसार तपासावा लागतो. पण समज, 31 मार्चला एखाद्या घराचं सरकारी मूल्य 40 लाख होतं, तर सरासरी वाढीनं दुसऱ्याच दिवशी ते 44 लाखांच्या पुढं गेलं. घर तेच, भिंतीही त्याच. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांतल्या जास्त असलेल्या रकमेवर लागतं, म्हणजे त्या एका रात्रीचा खर्च घेणाऱ्याच्या खिशातून जातो.

म्हणून मार्चअखेरीला नोंदणी कार्यालयात गर्दी उसळते. तिथं एक गोष्ट लोकांना माहीत नसते. कुठला दर लागायचा, हे दस्तावर सह्या होतात त्या तारखेवर ठरतं. 31 मार्चपर्यंत मुद्रांक शुल्क भरून सह्या झाल्या असतील, तर नोंदणी पुढच्या चार महिन्यांत करता येते आणि जुनाच दर लागतो. रांगेत उभं राहून हातघाईवर यायचं कारण नाही.

पुढंमागं तुम्ही तिघांनी मिळून घर बाहेरच्याला विकायचं ठरवलंत तर हेही लक्षात ठेव. साठेखत एका वर्षी, खरेदीखत पुढच्या वर्षी, असं आपल्याकडे सर्रास होतं. मध्ये रेडी रेकनर वाढला आणि खरेदीखतातली किंमत त्याच्या फार खाली राहिली, तर आयकर खातं सरकारी किमतीलाच विक्रीची किंमत धरतं. साधारण 10 टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढं नाही. पण साठेखताच्या तारखेला किंवा त्याआधी काही रक्कम बँकेतून आलेली असेल, तर साठेखताच्या तारखेचं मूल्य धरता येतं. बयाणा रोखीत घेतला तर ही सवलत गेली. म्हणून कुणी कितीही जवळचा असला तरी पहिला रुपया चेकनं किंवा खात्यावरच घे.

आता खरी रुतून बसायची जागा, 1 एप्रिल 2001. पैसे घेऊन तू वाटा सोडलास, तर कराच्या हिशेबात ती विक्रीसारखीच धरली जाण्याची शक्यता असते. सीएला हे सही करायच्या आधी विचार, नंतर नव्हे. नफा काढायचा म्हणजे घराला मूळ खर्च किती आला ते लागतं. काकांनी 1978 ला किती खर्च केला याचे कागद कोण शोधणार? कायदा म्हणतो, मिळकत 1 एप्रिल 2001 च्या आधीची असेल तर त्या दिवशीची बाजारातली किंमत मूळ खर्च म्हणून धरता येते. 2017 च्या अर्थसंकल्पापर्यंत हाच दिवस 1 एप्रिल 1981 होता, म्हणून जुनी मंडळी अजून 81 चा रिपोर्ट काढा म्हणतात. तो आता उपयोगाचा नाही.

या एका तारखेच्या आकड्यानं किती फरक पडतो, हे तुला हिशेबानं दाखवते. सोयीसाठी अख्खं घर घेऊ, तुझा वाटा त्याचा तिसरा भाग. समज 2025-26 मध्ये घराचे 60 लाख आले. 23 जुलै 2024 पासून नियम असा आहे की नफ्यावर साडेबारा टक्के, महागाईची वजावट नाही. पण घर त्या तारखेच्या आधीचं असेल आणि तू भारतात राहणारी असशील, तर जुन्या पद्धतीनं, महागाई निर्देशांक लावून 20 टक्क्यांनी काढून बघता येतं, आणि कमी येईल तेवढाच कर लागतो. 2001-02 चा निर्देशांक 100, 2025-26 चा 376.

2001 ची किंमत 4 लाख निघाली, तर साध्या पद्धतीनं 56 लाखांवर साडेबारा टक्के, 7 लाख कर. जुन्या पद्धतीनं जवळजवळ 9 लाख. म्हणजे साधी पद्धत बरी. पण 2001 ची किंमत 10 लाख निघाली तर? साध्या पद्धतीनं सव्वासहा लाख. जुन्या पद्धतीनं 10 लाखांचे 37 लाख 60 हजार होतात, नफा 22 लाख 40 हजार, कर 4 लाख 48 हजार. उपकर वगैरे वेगळा. बघ, घर आज कितीला गेलं हे बदललं नाही. एका जुन्या दिवसाची किंमत बदलली आणि अडीच लाखांचा फरक पडला, वर कुठली पद्धत फायद्याची तेही उलटलं. घर तुझ्याकडे वारशानं 2019 नंतर आलं म्हणून महागाईचा हिशेब 2019 पासून, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. आधीच्या मालकाच्या काळापासून तो मोजायचा, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयानं 2011 सालीच दिलेला आहे.

हे वाचून "मग 2001 ची किंमत जास्त लिहून घेऊ" असा मोह होतो. करू नकोस. तसा रिपोर्ट देणाराही भेटेल, पण 2020 च्या अर्थसंकल्पानं त्याला कुंपण घातलंय. त्या दिवशीचं मुद्रांकासाठीचं सरकारी मूल्य उपलब्ध असेल तर त्याच्या वर जाता येत नाही. म्हणून आधी 2001 सालचा रेडी रेकनरचा तक्ता काढ, मग व्हॅल्युअरकडे जा.

आणि व्हॅल्युअरला 2001 चं घर दिसलं पाहिजे. आज तो येईल तेव्हा त्याला दोन मजले, टाइल्स, पुढचं लोखंडी शटर दिसेल. 2001 ला यातलं काय होतं? खाली तीन खोल्या, मागं माळवद, न्हाणीघर अंगणात. दादाचा मजला 2011 चा, तो 2001 च्या किमतीत येऊच शकत नाही. त्याचा खर्च ज्या वर्षी झाला त्या वर्षाचा सुधारणा खर्च म्हणून वेगळा दाखवता येईल का, हे सीएला विचार, आणि बिलं दादाकडून माग. घर तेव्हा कसं होतं याचा पुरावा म्हणून तुझ्या लग्नाचा अल्बम काढ. मांडव दारातच होता, मागं घराचा दर्शनी भाग सगळा आलेला आहे. त्या काळातली मिळकत कराची पावती, सिटी सर्व्हेचा उतारा, बांधकाम परवाना, जे मिळेल ते एका फायलीत लाव.

गावही 2001 चं आठवून द्यावं लागतं. लक्ष्मी-विष्णू मिलचा भोंगा बंद होऊन काही वर्षं झाली होती. 1992 च्या हद्दवाढीत आलेल्या जुळे सोलापूरकडे अजून मोकळे प्लॉट खूप होते, आणि पेठेत घर म्हणजे बाजारपेठ पायाशी, म्हणून पेठेला मान होता. आज नव्या जोडप्याला गाडी लावायला जागा हवी असते, पेठेच्या बोळात ती नसते. म्हणजे जुळे सोलापूर आणि साखर पेठ यांच्या भावातलं अंतर 2001 ला वेगळं होतं, आज वेगळं आहे. आजच्या भावावरून टक्केवारीनं मागं जाऊन 2001 चा आकडा काढणारा व्हॅल्युअर भेटला तर त्याला नमस्कार करून निघ. चांगला माणूस दुय्यम निबंधक कार्यालयातून त्या सुमाराची तुझ्याच पेठेतली खरेदीखतं शोधतो, सूची क्रमांक दोनचे उतारे काढतो आणि रिपोर्टाला जोडतो. फी थोडी जास्त घेईल, घेऊ दे.

न्यू जर्सीतल्या धाकट्याचं गणित आणखी निराळं. भारतातल्या करासाठी त्यालाही 2001 चीच किंमत लागेल, पण तो परदेशी रहिवासी म्हणून त्याला 20 टक्क्यांची जुनी पद्धत निवडता येत नाही. आणि त्याला पैसे देणाऱ्यानं टीडीएस कापायचा असतो, तो तुझ्या-माझ्यासारखा एक टक्का नव्हे, बराच जास्त. दादाला हे आधी सांग, नाहीतर कापला नाही म्हणून नोटीस दादालाच येईल. शिवाय अमेरिकेच्या करात वारशाच्या मिळकतीची किंमत साधारणपणे मालक गेला त्या दिवशीची धरतात. त्याचा चौथा हिस्सा काकांकडून 2019 ला आला, उरलेला बारावा हिस्सा काकूंकडून 2022 ला. म्हणजे त्याला या दोन तारखांचे आकडे हवेत. तो फोनवर "आपल्याला 2019 चा रिपोर्ट हवाय" म्हणाला की दादाला वाटतं धाकटा आपल्या बाजूनं आहे. तसं काही नाही. तो त्याच्या कराचं बोलतोय, दादा वाटणीचं. दोघांच्या तारखा एकच निघाल्या, कामं मात्र वेगळी आहेत. तिघं एकदा व्हिडिओ कॉलवर बसा आणि कोणाला कुठली तारीख कशासाठी हवी, ते आधी लिहून काढा. एकाच व्हॅल्युअरला सगळ्या तारखा दिल्यात तर पाहणी एकदाच होईल, खर्चही वाटून जाईल.

वकिलाकडे हक्कसोडपत्राचा मसुदा करायला जाशील तेव्हा नुसती रक्कम घालून घेऊ नकोस. रक्कम कुठल्या तारखेच्या बाजारमूल्यावर ठरली, ती तारीख आणि रिपोर्टाचा क्रमांक दस्तात यायला हवा. दादा म्हणतोय पैसे टप्प्यानं देईन, दुकानातून निघतील तसे. दे म्हणावं, माझी हरकत नाही, पण हक्कसोडपत्रावर सही शेवटच्या हप्त्याला. तोपर्यंत तुम्हा तिघांच्या सह्यांचा करार करा आणि त्यात मुदत घाला. सहा महिने, फार तर वर्ष. त्यात पैसे पुरे झाले नाहीत तर उरलेल्या हिश्श्याची किंमत नव्या तारखेनं पुन्हा काढायची, आणि नव्या रिपोर्टाची फी दादानं भरायची. हे कलम तू स्वतः दादाला वाचून दाखव, वकिलाकडून कळवू नकोस. वहिनींनाही समोर बसव, दुकानाचा हिशेब त्याच बघतात. किती महिन्यांत किती निघतील, हे त्या तुला दादापेक्षा खरं सांगतील.